इराप्पाचे नवे रंग

इराप्पा रंगाऱ्याच्या दुकानात 'बिघडलं' हा शब्द बोलायला बंदी होती. नुसती सांगण्यापुरती नव्हे, अंमलबजावणीसकट. दुकानात यायला रस्त्यावरून एक दगडी पायरी चढावी लागे. गिऱ्हाईक तोंडातून 'बिघडलं', 'बुडालं', 'चुकलं', 'बाजार थंड आहे' असलं काही बोललं, की इराप्पा हातातलं काम टाकायचा, कोपरापर्यंत रंगलेला हात पायरीकडे करायचा आणि म्हणायचा, "खाली उतरा. परत या. आन् दुसरं कायतरी बोला."

आणि माणसं उतरायची हो! चांगले पोट सुटलेले, पगडीवाले व्यापारी निमूटपणे रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, इकडेतिकडे कुणी बघत नाही ना याची खात्री करायचे आणि पुन्हा वर येऊन म्हणायचे, "काय इराप्पा, बरं चाललंय ना?" यावर इराप्पा प्रसन्न होऊन म्हणायचा, "लई झकास! बसा की."

दुसरी गंमत त्याच्या दोरीची. इतर रंगारी आपला उत्तमातला उत्तम माल दारावर टांगतात. इराप्पानं तिथे एक दोरी बांधून तिच्यावर हातून वाईट उतरलेल्या सुताच्या लडी ओळीनं टांगल्या होत्या. "चूक न्हाय, नवा रंग हाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. नवा रंग म्हटल्यावर त्याला नाव हवं. एका आजारी हिरव्या लडीचं नाव होतं 'उपाशी पोपट'. एक मातकट लडी होती ती 'दुधनीचा बाजार'. आणि एका तपकिरी, तांबूस, काहीशा संतापलेल्या लडीला तो 'डिपुटीसाहेब' म्हणायचा. का, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाला, "बगितलं की अंगावर काटा येतोय न्हवं?" शाळा तपासायला येणारे आमचे डिपुटीसाहेब आठवून मी ते मान्य केलं.

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. सोलापुरात आमचं बिऱ्हाड इराप्पाच्या दुकानासमोरच होतं. माझा स्वभाव तापट, हे मी स्वतःच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायला नको. आमटीत मीठ कमी पडलं तर मी बोलत नाही, पण डोळ्यांपुढे चुकीचा रंग आला की माझं डोकं फिरतं. मुलांच्या वह्यांवर मी तांबड्या शाईनं 'हा आंबा आहे की वीट?' असे शेरे मारत असे. अशा माणसाच्या नशिबी रोज सकाळी दार उघडल्याबरोबर ती दोरी यावी, हा काय न्याय झाला!

त्यात माझ्या फेट्याचं प्रकरण झालं. बार्शीला भाच्याचं लग्न होतं. मी पांढरा फेटा इराप्पाकडे दिला आणि बजावून सांगितलं, "अंजिरी. पिकलेल्या अंजिराचा." फेटा हातात आला तो शेवाळी. दुसरा नव्हता, वेळही नव्हता. तोच बांधून गेलो. वऱ्हाडात मी जुन्या विहिरीच्या काठासारखा दिसत होतो. नवऱ्या मुलीच्या मावशीनं माझ्या बायकोला बाजूला घेऊन, "यांना कावीळ झाली होती का हो?" असं विचारलं.

परत आलो तो तडक दुकानात चढलो. "इराप्पा, माझा फेटा बिघडवलात!"

"खाली उतरा, मास्तर."

उतरलो. वर आलो. "माझी अब्रू बुडाली!"

"परत उतरा."

तिसऱ्या खेपेला मी दात खाऊन म्हणालो, "नमस्कार, इराप्पा. सकाळ छान आहे."

"आता कसं!" तो म्हणाला. "फेट्याचा एक तुकडा द्या की. दोरीला लावू. अंजीर पिकायच्या आदीचा रंग हाय तो. नवा हाय." त्या दिवशी मी त्याच्याशी पंधरा दिवस न बोलण्याची शपथ घेतली आणि ती चौथ्या दिवशी मोडली. इराप्पाशी अबोला धरणं फार अवघड, कारण समोरच्यानं धरलाय हे त्याच्या लक्षातच यायचं नाही.

फेट्याचं हे प्रकरण झालं तेव्हा गंगव्वाला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. गंगव्वा म्हणजे इराप्पाची बायको. मैंदर्गीची. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी आणि सगळं मोठ्यानं. ती होती तोवर त्या दुकानाचा खरा मालक कोण, याबद्दल आमच्या पेठेत कुणाच्या मनात शंका नव्हती. इराप्पा भट्टीवरच्या हंड्यात सूत सोडायचा आणि गंगव्वा कमरेवर हात ठेवून शेजारी उभी राहायची. त्याला श्वास घेऊ द्यायची नाही. "आणखी बुडवा! वर काढा! परत बुडवा!" आणि मग एकदम पेठभर ऐकू जाईल असं ओरडायची, "साकु!" म्हणजे कानडीत 'पुरे'. त्या क्षणी इराप्पा सूत वर खेचायचा. गिरणीच्या भोंग्यावर सगळं गाव चालायचं, आमची पेठ गंगव्वाच्या 'साकु'वर चालायची. इराप्पाला बायकोनं पार गुंडाळून ठेवलंय, असं म्हणून आम्ही पुरुषमाणसं हसायचो. मी जरा जास्तच हसायचो.

तिची एक गोष्ट मात्र आमच्या घरात कुणालाच उलगडली नव्हती. रंगाऱ्याची बायको, जगातले सगळे रंग दारात. पण संक्रांतीची गड्ड्याची जत्रा असो की कुणाचं लग्न, बाई एकच लुगडं नेसायची. रंग असा, की चिखल वाळल्यावर त्यावर गवत उगवू पाहतंय. माझ्या बायकोनं एकदा न राहवून विचारलं, "गंगव्वा, एखादं लालबिल रंगवून घ्या की हो." तर गंगव्वा म्हणाली, "मला ह्योच आवडतोय." बायकोनं घरी येऊन निष्कर्ष काढला की बाई चिक्कू आहे.

ती दोन दिवसांच्या तापात गेली. तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी इराप्पानं दुकान उघडलं. पायरी धुतली, सडा टाकला, भट्टी पेटवली आणि येणाऱ्या जाणाऱ्याला हाक मारून म्हणाला, "झकास चाललंय!" मला राग आला होता. वाटलं, या माणसाला काही दुःखबिःख आहे की नाही? तिच्या जागेवर, भट्टीच्या डाव्या अंगाला, त्यानं एक रिकामा पाट ठेवला होता. त्यावर कुणी बसलेलं मात्र त्याला चालायचं नाही.

पहिलं वर्ष ठीक गेलं. मग दोरी आली. लडीमागून लडी. गिऱ्हाइकं हसत हसत कमी होत गेली. ज्या दिवशी कुणीच फिरकायचं नाही, त्या दिवशी इराप्पा म्हणायचा, "आज लोकास्नी सवड न्हाय." भट्टी थंड असली की, "तिलाबी इसावा नको?" मी एकदा चिडून म्हणालो, "इराप्पा, डोळे मिटून घेतल्यानं खड्डा बुजत नाही." त्यानं मला पायरी दाखवली.

शेवटी जुन्यांपैकी नरसय्या तेवढा उरला. नरसय्या विणकर, घरात चार माग, घरी तेलुगू बोलायचा आणि बाहेर स्वतःचं वेगळं मराठी. वर्षानुवर्षं त्याचं सूत इराप्पाकडेच रंगायचं. एके शनिवारी तो आला, एक धाग्याचा तुकडा पुढे केला आणि म्हणाला, "इराप्पा, आता बायकांना हा डाळिंबी पाहिजे वो. काठाला. सोमवारी नेतो. नीट झालं तर बरं. नाही झालं तर मी बाजारातून रंगीत सूतच घेतो, मग इकडं येत नाही. राग नको."

"राग कसला! झकास हुतंय की," इराप्पा म्हणाला. नरसय्या गेल्यावर मात्र तो धाग्याचा तुकडा उन्हात धरून इराप्पा उलटसुलट करून पाहू लागला. मी समोरच्या ओट्यावरून पाहत होतो. नरसय्या गेला की दुकान गेलं. मग पन्नाशी उलटलेल्या माणसानं गिरणीच्या दाराशी रोजगारासाठी उभं राहायचं, दुसरं काही नाही. हे मला कळत होतं आणि त्याला तर कळतच होतं.

रविवारी सकाळी त्यानं मला हाक मारली. "मास्तर, या की जरा मागं. बगा, डाळिंब सोलून ठिवलंय जनू!"

मागच्या अंगणात बांबूवर नरसय्याच्या निम्म्या लडी वाळत होत्या. त्या चिंचेच्या वाळल्या पाल्याच्या रंगाच्या होत्या. माझं तोंड उघडलं. 'हे डाळिंब? हा तर डाळिंबाचा खून आहे!' हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण माझी नजर इराप्पाकडे गेली आणि मी थांबलो. तो सुताकडे बघत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आमच्या शाळेतली पोरं गणित चुकलंय का हे मास्तरच्या चेहऱ्यावरून ओळखतात, तसा.

माझ्या चेहऱ्यानं त्याला काय सांगायचं ते सांगितलं. त्याचा हसरा चेहरा हळूहळू उतरला. मग अगदी हलक्या आवाजात त्यानं विचारलं, "नमुन्यापासून लई लांब हाय का, मास्तर?"

मी पुढच्या दाराशी गेलो आणि त्या दोरीसमोर उभा राहिलो. वर्षभर मी तिला शिव्या दिल्या होत्या, पण कधी नीट पाहिलं नव्हतं. रंगाच्या डोळ्याचा मोठा अभिमान मला! दोरीवर एकही निळी लडी नव्हती. एकही पिवळी नव्हती. जे बिघडलं होतं ते सगळं तांबड्याचं हिरवं होताना, नाहीतर हिरव्याचं तांबडं होताना. माझा अंजिरी फेटासुद्धा. दर दोन-चार वर्षांनी माझ्या वर्गात एखादा मुलगा यायचा, जो झाडाचं खोड आणि पानं एकाच रंगात रंगवायचा. वात्रटपणा समजून अशांना मी छड्या मारल्या होत्या. त्या सकाळी पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

मी मागं वळलो तर इराप्पा दारात उभा होता. "कळलं न्हवं?" तो म्हणाला.

"जन्मापासून?"

"व्हय. बाप गेला तवा मी पंधरा वर्सांचा. हेच दुकान, हीच भट्टी. रंगाऱ्याच्या पोराला तांबडं-हिरवं कळत न्हाय, हे कुनाला सांगायचं, मास्तर? निळं दिसतंय, पिवळं दिसतंय. ही दोन मातुर एकच. मग ती आली."

तो मला आतल्या खोलीत घेऊन गेला. भिंतीवर खुंट्यांना सुताच्या जाड दोऱ्या टांगलेल्या होत्या, वीस-बावीस तरी असतील. प्रत्येकीवर गाठी. "ही गंगव्वाची वही," तो म्हणाला. दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. गिऱ्हाइकाचा नमुना आला की गंगव्वा रंग जमवायची आणि तो जमला की दोरीवर गाठी मारायची. मोठी गाठ म्हणजे तांबड्या बुकणीचं एक माप, बारकी म्हणजे पिवळ्याचं, फास म्हणजे निळ्याचं. इराप्पा दोरी बोटांत धरायचा आणि तसं हंड्यात टाकायचा. कधी काढायचं ते ती सांगायची. पेठ हसायची ती बायकोच्या जाचाला. जाच कसला, ती त्याचे डोळे होती.

"गेली तवा एवड्या दोऱ्या ठिवून गेली," तो म्हणाला. "जुनं रंग हातानं उतरत्यात. पर लोकास्नी नवं लागतंय. नव्याची दोरी कुनी करायची?"

"मग सांगितलं का नाही इतके दिवस? आणि वर झकास, झकास काय लावलंत!" मी खेकसलो. मला वाईट वाटलं की मी खेकसतोच.

"रंगारी आंधळा हाय म्हनल्यावर पायरी कोन चढंल? आन् मी रोज सकाळी रडत बसलो असतो, तर दार कुनी उगडलं असतं? एक दीस न्हाय उगडलं की दुसऱ्या दिवशी उगडायला हात हुत न्हाय, मास्तर. म्हून म्हनायचं झकास. म्हनत म्हनत उटता येतंय."

मी धोतर खोचलं आणि म्हणालो, "भट्टी पेटवा."

राहिलेलं पांढरं सूत निम्मं होतं. ते मी नमुन्याप्रमाणे जमवू शकलो असतो, पण वाळल्या पाल्याच्या त्या लडींचं काय? हिरवटावर तांबडं चढवलं तर गडद होणार, एवढं मला ठाऊक होतं. मग सगळंच गडद करायचं ठरवलं. मी भट्टीच्या उजवीकडे उभा राहिलो. पाटाच्या बाजूला जायचं धाडस झालं नाही. इराप्पानं लडी हंड्यात सोडल्या. "अजून… अजून… थांबा, नको, जरासं… बास, बास, बास!" मी ओरडलो.

इराप्पा वैतागला. "असं न्हाय, मास्तर! तीनदा म्हनलं की हात थरारतोय. एकदाच म्हना. ठासून."

दुसऱ्या खेपेला मी डोळे हंड्यावर रोखले आणि रंग जमला त्या क्षणी पोटातून आवाज काढला, "साकु!"

समोरून माझी बायको धावत बाहेर आली. शेजारचा सोनार आला. पानवाला आला. दोन वर्षांनी पेठेत ती हाक ऐकू आली होती. मी ओशाळून उभा होतो. इराप्पा मात्र सूत पिळत होता, मान खाली घालून.

सोमवारी नरसय्या आला. लडी उन्हात नेली, थुंकी लावून अंगठ्यानं घासली, नमुन्याशेजारी धरली. "हा नमुन्यासारका नाही वो," तो म्हणाला.

इराप्पा 'नवा रंग हाय' एवढंसुद्धा म्हणाला नाही.

नरसय्यानं लडी पुन्हा फिरवून पाहिली. "पण ह्याच्यापेक्षा हा भारी दिसतो. बागुंदी, छान आहे वो. पुढच्या वेळी पण असाच पाहिजे. जमतं ना?"

"जमतंय की!" इराप्पा म्हणाला.

मी विचारलं, "याचं नाव काय ठेवायचं?" तर म्हणाला, "ह्याला नाव कशाला? हे बिघडलेलं थोडंच हाय?" स्वतःच्या तोंडून तो शब्द निघाला हे त्याला कळलं, तेव्हा तो मुकाट्यानं पायरी उतरला, रस्त्यावर क्षणभर उभा राहिला आणि परत वर आला.

त्या दिवसापासून शाळेत जाण्याआधी तासभर मी दुकानात जाऊ लागलो. पेठेत मला 'गंगव्वा मास्तर' म्हणू लागले. म्हणोत. नव्या रंगाची दोरी मीच केली. इराप्पानं ती बोटांत घेऊन चाचपली आणि म्हणाला, "गाट ढिली हाय. तिची घट असायची." मी सोडली आणि पुन्हा बांधली.

गड्ड्याची जत्रा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी इराप्पानं पेटीतून एक घडी काढून माझ्यासमोर ठेवली. गंगव्वाचं ते लुगडं. धुवून धुवून विरलेलं, पण रंग तोच, वाळल्या चिखलावरच्या गवताचा.

"लगीन झालं त्या साली म्या एकट्यानं रंगवलं व्हतं," तो म्हणाला. "तिला दावायचं म्हून. लाल म्हून रंगवलं. तीस-बत्तीस वर्सं सनावाराला हेच नेसली. तिला इचारायचं धाडस कवा झालं न्हाय. तुमी सांगा, मास्तर. कंचा रंग हाय?"

आयुष्यात मी चुकलेल्या रंगाला बरोबर म्हटलेलं नव्हतं. पोटच्या पोराच्या चित्रालाही नाही. मी लुगड्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "लाल आहे. चांगला लाल आहे."

इराप्पा माझ्या तोंडाकडे बघत होता. मग त्यानं हात पायरीकडे केला.

"खाली उतरा, मास्तर. परत या."

मी उतरलो. रस्त्यावर उभा राहिलो. जत्रेसाठी गावात शिरलेल्या बैलगाड्या समोरून जात होत्या. डोळे पुसून वर आलो.

"इराप्पा," मी म्हणालो, "हा रंग नवा आहे."

तो लुगड्यावरून हात फिरवत राहिला. "तीबी हेच म्हनली व्हती," तो म्हणाला. "घडी हातात दिली, तवा बगितलं आन् म्हनली, नवा रंग हाय. मला वाटलं, आवडला."

"आवडलाच होता," मी म्हणालो. या वेळी मी खोटं बोललो नव्हतो, आणि त्यानं पायरी दाखवली नाही.

"त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी," इराप्पा म्हणाला, "भट्टी पेटवली आन् बगतो, तर ती कमरेवर हात ठिवून शेजारी हुभी."